बोटांनी निवडलेल्या साठ गोळ्या

कॅनडात, सस्काटूनजवळच्या एका पोटॅशच्या खाणीत मी सत्तावीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. जमिनीखाली एक किलोमीटरवर काम करणाऱ्यांनी हेल्मेट नीट घातलंय का, मशीन बंद करून कुलूप लावलंय का, कुठल्या डब्यात काय आहे ते डब्यावर लिहिलंय का, हे बघत फिरायचं आणि नसेल तर फॉर्म भरायचा, हे माझं काम. लोक मला घाबरतात असं मला वाटायचं. ते खरं म्हणजे कंटाळत होते, हे मला निवृत्तीच्या पार्टीत कळलं. मी भाषणाला उभा राहिलो आणि मागच्या टेबलावरचे चार जण सवयीने झोपले.

निवृत्तीनंतर पहिले सहा महिने मी घराची तपासणी केली. माझ्या बायकोच्या, उमाच्या, मसाल्याच्या डब्यांवर लेबलं लावली. प्रेशर कुकरच्या शिटीची तारीख लिहून ठेवली. गॅरेजच्या पायऱ्यांवर पिवळी पट्टी मारली. सातव्या महिन्यात उमा म्हणाली, "बाळ," बाळ हे माझं नावच आहे, "तू कुठेतरी जात जा. कुठेही. पण जा."

म्हणून मी गन क्लबात गेलो. लायसन्ससाठीचा कोर्स मी पहिल्या झटक्यात पास झालो, आणि हे मी तीन आठवडे सगळ्यांना सांगत होतो. गौरांगीला, म्हणजे आमच्या मुलीला, फोनवर सांगितलं तर ती ओटावाहून म्हणाली, "बाबा, यू'र सिक्स्टी-एट. कान्ट यू जस्ट डू योगा?"

शहराबाहेर गव्हाच्या शेतांच्या कडेला आमच्या क्लबाची नेमबाजीची रेंज आहे. पहिल्या शनिवारी तिथे गेलो तर दारात रेंज ऑफिसरचं केशरी जाकीट घालून डेस्मंड तुस्कानो उभा. डेस्मंड वसईचा. माझ्याच खाणीत मिलराइट होता, अजूनही आहे. बंद पडलेलं कुठलंही मशीन चालू करून देणारा माणूस. आणि त्याच्या नावावर मी एक रिपोर्ट लिहिला होता. दोन हजार अकरा साली त्याने ग्रीस धुवायचं सॉल्व्हंट एका कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवलं होतं, बाटलीवर काही न लिहिता. "दोन मिनिटांचं काम होतं साहेब, बाटली माझ्या हातातच होती," असं तो म्हणाला होता. मी म्हटलं होतं, "डेस्मंड, शंका असेल तिथे थांबायचं असतं," आणि दोन पानी रिपोर्ट लिहिला होता. त्या वर्षी तो लीड हँड, म्हणजे तुकडीचा मुकादम, होणार होता. झाला नाही. मी कधी त्याबद्दल बोललो नाही, आणि त्यानेही विषय काढला नाही.

दारात मला बघून त्याने केशरी जाकिटाची चेन वर ओढली. मग म्हणाला, "या साहेब. आधी कानाला मफ्स लावा."

त्याने मला शिकवलं. रायफल कशी धरायची, श्वास कुठे सोडायचा, बोल्ट, म्हणजे काडतूस आत सरकवणारा आणि बाहेर काढणारा दांडा, कसा ओढायचा. पुढच्या हिवाळ्यात काडतुसं घरी भरायलाही शिकवलं. काडतूस म्हणजे काय, तर पितळेचं नळकांडं, त्याच्या बुडाला ठिणगी देणारा प्राइमर, आत मोजून घातलेली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बाहेर उणे पस्तीस असताना बेसमेंटमध्ये बसून तराजूवर दारू मोजण्यासारखं सुख नाही. उमाला ते पटलं नाही, तिच्या मैत्रिणी विचारायला लागल्या होत्या. "मंदाकिनीने विचारलं, मिस्टर हल्ली काय करतात? काय सांगू तिला, तळघरात दारू मोजत बसतात म्हणून?"

एप्रिलमध्ये बर्फ वितळायला लागलं तेव्हा डेस्मंडने लेपाचा विषय काढला. तांब्याचं आवरण असलेली गोळी रायफलच्या नळीतून जाताना थोडं तांबं आत सोडून जाते, आणि मग ते घासून काढण्यात तास जातो. गोळीवर कोरड्या वंगणाचा पातळ लेप असला तर हा त्रास कमी होतो. पूर्वी तो मॉलिब्डेनमची काळी पूड वापरायचा. "हात असे व्हायचे साहेब, बायको मला सोफ्यावर बसू देत नव्हती." आता त्याने बोरॉन नायट्राइडची पांढरी पूड आणली होती. लेप बसला की दिसतही नाही.

आपल्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसून, कॉफीचा कप हातात धरून त्याने मला सगळं समजावलं.

"आधी गोळ्या धुवायच्या. तेलाचा हात लागलेला असतो, त्याच्यावर काही बसत नाही. पूर्ण सुकवायच्या. मग घट्ट झाकणाच्या बरणीत गोळ्या, स्टीलचे छर्रे आणि चिमूटभर पूड. चिमूटभर म्हणजे चिमूटभर. बरणी हलवायच्या मशीनवर दोन-तीन तास. मग टॉवेलमध्ये पुसून घ्यायच्या. तोंडाला मास्क, हातात ग्लव्ह्ज, गॅरेजचं दार उघडं. नुसत्या गोळ्या हां. भरलेलं काडतूस, प्राइमर, असलं काही त्या मशीनजवळसुद्धा आणायचं नाही."

"अर्थात," मी म्हणालो.

"आणि मेन गोष्ट. लेप लावला की ती गोळी नवीन समजायची. जुना दारूचा आकडा विसरायचा. खालून सुरू करायचं, थोडं थोडं वर जायचं, पुस्तकातला वरचा आकडा ओलांडायचा नाही. लेपामुळे नळीत गोळी सटकते, प्रेशर कमी बनतं, वेग कमी येतो. म्हणून लोक दारू थोडी वाढवतात. ते ठीक. पण मग त्या दारूवर लेप नसलेली गोळी बसली तर प्रेशर एकदम वर जाईल. काळी पूड असली की दिसतं तरी. ही दिसत नाही. म्हणून दोन्ही प्रकार कधी एका टेबलावर ठेवायचे नाहीत, आणि डबा—"

"डेस्मंड," मी हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "सत्तावीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

त्याने कॉफीचा घोट घेतला. मी इतका वेळ मान हलवत होतो ना, तश्शी मान खाणीतले लोक माझ्यासमोर हलवायचे.

पण पहिले दोन महिने मी अगदी शहाण्यासारखा वागलो, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. गॅरेजमध्ये दार उघडं ठेवून पहिल्या शंभर गोळ्यांना लेप लावला. खालच्या आकड्यापासून सुरू केलं. तीन शनिवार रेंजवर जाऊन, प्रत्येक काडतुसानंतर प्राइमर तपासून, वहीत लिहून, एक छान आकडा काढला. माझ्या जुन्या, बिनलेपाच्या आकड्यापेक्षा तो थोडा वर होता. रायफल मजेत चालत होती. डेस्मंडने वही चाळून अंगठा दाखवला आणि मी घरी येईपर्यंत शीळ घालत होतो.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी क्लबाची स्पर्धा होती. माझ्या वयोगटात आम्ही पाच जण. त्यातल्या एकाला मोतीबिंदू होता, त्यामुळे मला आशा होती. साठ काडतुसं लागणार होती. बुधवारी गॅरेजमध्ये उमाने टोमॅटोची रोपं मांडून ठेवली होती, म्हणून मी हलवायचं मशीन खाली बेसमेंटमध्ये आणलं. बरणीचं झाकण घट्ट लावलं. म्हणजे लावलं असं मला वाटलं. मशीन सुरू करून वर जेवायला गेलो, जेवणानंतर जरा पडलो, आणि तीन तासांनी खाली आलो तेव्हा झाकण अर्धं उघडं होतं.

पूड फार नव्हती. पण जी होती ती टाइल्सवर पसरली होती, आणि बेसमेंटच्या टाइल्स पांढऱ्याच आहेत. मला काही दिसलं नाही. मी गोळ्या टॉवेलमध्ये पुसल्या, तीस गोळ्या ट्रेमध्ये रचल्या. दुसऱ्या ट्रेमध्ये धुऊन सुकवलेल्या, लेपाची वाट बघणाऱ्या तीस गोळ्या होत्या. दोन खेपा कशाला, म्हणून दोन्ही ट्रे दोन हातांत घेतले आणि टेबलाकडे निघालो.

कोरडं वंगण किती उत्तम काम करतं हे मी स्वतःच्या देहावर अनुभवलं आहे. दोन्ही पाय एकाच वेळी पुढे गेले. मी ज्या भागावर आपटलो त्यावर पुढचे दहा दिवस जांभळा डाग होता. साठ गोळ्या टाइल्सवर नाचत गेल्या. काही घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसखाली, काही वॉशिंग मशीनखाली.

"काय पडलं?" वरून उमा.

"काही नाही! डबा!"

गुडघ्यांवर रांगत मी गोळ्या गोळा केल्या. साठच्या साठ सापडल्या. मग त्या समोर ठेवून बसलो. सगळ्या एकसारख्या, तांबूस, चकचकीत. लेप दिसतच नव्हता, आणि हीच तर त्याची कौतुकाची बाब होती.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? सगळ्या धुवायच्या आणि सगळ्यांना परत लेप लावायचा. संध्याकाळ गेली असती, बस. पण बूड ठणकत होतं, आणि खाली वाकून परत मशीन लावायचा मला कंटाळा आला होता. हे कारण मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. स्वतःला मी असं सांगितलं की सत्तावीस वर्षं धुळीबरोबर काढलेल्या माणसाच्या बोटांना लेप कळतो. डोळे मिटून एकेक गोळी अंगठा आणि तर्जनीत फिरवली. ही गुळगुळीत, ही जरा कमी. उजवीकडे, डावीकडे. शेवटी उजवीकडे बरोबर तीस जमल्या. आकडा जुळला म्हणजे निवड बरोबर, असा मी निष्कर्ष काढला. मोजताना तिसापाशी मी आपोआप थांबलो होतो, हे नंतर लक्षात आलं. शिवाय माझ्या बोटांना पूड लागलेली होती, त्यामुळे जिला हात लावीन ती गुळगुळीतच.

दुसऱ्या दिवशी, फरशी पुसून, मी डावीकडच्या तीस गोळ्यांनाही लेप लावला. म्हणजे त्या नक्की लेपाच्या. उजवीकडच्या तीस बोटांच्या भरवशावर. आणि मग सगळ्या साठ एकाच डब्यात टाकल्या आणि नव्या, वरच्या आकड्याच्या दारूवर बसवल्या.

उमाने रात्रीच्या जेवणाला विचारलं, "तुझ्या पँटला मागे पीठ कसलं लागलंय?"

"वंगण आहे."

"कोरडं?"

"कोरडंच असतं ते."

तिने पुढे विचारलं नाही. तिचं चुकलंच.

शनिवारी ऊन छान होतं. शेतांवरून वारा येत होता, पण फार नाही. मी चटईवर पालथा झोपलो, बूड ठणकत होतं तरी. पहिल्या पाच गोळ्या बऱ्या गेल्या. सहावी, सातवी, आठवी. मोतीबिंदूवाले गृहस्थ माझ्यापुढे होते, पण अजून वेळ होता. नववी सोडली आणि खांद्याला दणका वेगळाच बसला. आवाजही जरा कडक वाटला. बोल्ट उचलायला गेलो तर उचलेना.

मी जोर लावला. नाही. तळहाताने एक फटका मारला. नाही. दुसरा फटका मारायला हात उचलला आणि मागून डेस्मंडचा आवाज आला.

"साहेब. हात काढा."

"अडकलाय जरा. निघेल—"

"हात काढा. नळी निशाण्याकडेच राहू द्या. सीझ फायर!" शेवटचे दोन शब्द सगळ्या रेंजला होते. लाल बावटा वर गेला. ओळीतल्या सोळा जणांनी गोळीबार थांबवला आणि माझ्याकडे बघितलं.

क्लबात बंदुका दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी रायफल ताब्यात घेतली आणि दहा-पंधरा मिनिटांत, काही न तोडता, बोल्ट उघडला. पितळेचं नळकांडं बाहेर आलं. डेस्मंडने ते उन्हात धरलं आणि मला दाखवलं. प्राइमरच्या कडा गोल असतात, त्या चेपून पार सपाट झाल्या होत्या. पितळेवर बोल्टचा छाप उठला होता.

"आणखी थोडं प्रेशर असतं तर?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

"चेहरा तिथेच असतो साहेब. बोल्टच्या मागे." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "वहीतलाच आकडा ना?"

"वहीतलाच."

"मग काय बदललं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. ऊन जास्त होतं, पितळ जुनं होतं, दारूचा लॉट नवा होता. खाणीत लोक मला असली उत्तरं द्यायचे आणि मी मनात हसायचो. पण मला बसायचं होतं, आणि बसता येत नव्हतं. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. टोमॅटोची रोपं, झाकण, टाइल्स, बूड, बोटं.

डेस्मंडने मध्ये एकदाच विचारलं. "बोटांनी?"

"बोटांनी."

त्याने पेन काढलं. क्लबाचा घटना-अहवालाचा फॉर्म असतो, एक पानी.

"डेस्मंड," मी हळू आवाजात म्हणालो, "हे लिहायलाच पाहिजे का? कोणाला काही झालं नाही. आपल्या आपल्यात..."

ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मला माझीच लाज वाटली. माझ्यासमोर असं बोलणाऱ्या माणसांना मी काय समजायचो ते आठवलं. डेस्मंड मान वर न करता लिहीत राहिला. "लिहायला लागेल, साहेब. नाव पूर्ण सांगा. खांबेटेमध्ये दोन ए की एक?"

उरलेली एकावन्न काडतुसं फोडायची होती. कुठली बरोबर आणि कुठली नाही, हे बाहेरून सांगायला काही मार्ग नव्हता. त्यासाठी प्लॅस्टिकचा हातोडा असतो, पोकळ. त्यात काडतूस अडकवून ठोकळ्यावर आपटलं की गोळी आणि दारू सुटून आत पडतात. क्लबाच्या शेडमध्ये मी चष्मा लावून उभा राहिलो आणि ठोकायला लागलो. बाहेर स्पर्धा परत सुरू झाली होती. पाचव्या काडतुसाला डेस्मंड आत आला, दुपारची ड्यूटी दुसऱ्याला देऊन. त्याने दुसरा हातोडा घेतला. आम्ही आळीपाळीने ठोकायला लागलो.

"ती बाटली," मी शेवटी म्हणालो. "दोन हजार अकरातली."

"हं."

"रिपोर्ट बरोबर होता. अजून तसंच वाटतं मला."

"बरोबरच होता. मलाही वाटतं."

"पण एका पानात झाला असता. दुसऱ्या पानावर मी तुझ्या वृत्तीबद्दल लिहिलं होतं. निष्काळजी वृत्ती, असं. ते लिहायचं काही कारण नव्हतं. तू निष्काळजी नव्हतास. तुला घाई होती. दुसऱ्या पानामुळे तुझं प्रमोशन गेलं."

तो ठोकायचा थांबला. "तुम्हाला माहीत होतं?"

"नंतर कळलं. तेव्हा येऊन बोलायला पाहिजे होतं. नाही आलो. चुकलं माझं."

डेस्मंडने हातोड्यातली दारू काळजीपूर्वक डब्यात ओतली. मग म्हणाला, "दोन वर्षं मी तुमच्यावर जाम खवळलेला होतो साहेब. लंचरूममध्ये तुमची नक्कल करायचो."

"माझी?"

"रोज. लोक थांबायचे बघायला. शिफ्टमधला केनेथ तर स्वतःचा डबा सोडून यायचा." त्याने चष्मा नाकाच्या टोकावर ओढला, पोट पुढे काढलं, एक बोट वर केलं आणि पुण्याच्या चालीतलं माझं इंग्लिश काढलं. "जंटलमन. इफ देअर इज अ डाउट, देअर इज नो डाउट. वी स्टॉप."

इतकं हुबेहूब होतं की मी हसता हसता शेडच्या भिंतीला टेकलो, आणि टेकल्यावर ओरडलो, कारण तिथेच लागलेलं होतं. तोही हसायला लागला. हसणं थांबल्यावर आम्ही परत कामाला लागलो. पस्तीस राहिली होती.

सुटलेल्या गोळ्या डेस्मंडने एका पिशवीत भरल्या आणि मार्करने त्यावर लिहिलं: मिक्स, धुवा. लेपाच्या आकड्यावर भरू नयेत. खाली तारीख आणि माझं नाव. फॉर्मही एकच पान होता. मी वाचला. काय झालं, कसं झालं, पुढे काय करायचं. माझ्या वृत्तीबद्दल एक शब्द नव्हता. मी सही केली.

घरी जाऊन उमाला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, मग उठून टोमॅटोची रोपं गॅरेजमधून अंगणात नेऊन ठेवली, आणि परत येऊन माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुझे डोळे गेले असते तर मी डब्यांवरच्या त्या लेबलांचं काय करणार होते?" आणि तेव्हा ती रडली. मी तिला चहा करून दिला.

क्लबाच्या जुलैच्या मीटिंगमध्ये मला उभं राहून घडलेलं सांगायला लावलं. डेस्मंडचीच कल्पना. मी दहा मिनिटं बोललो. पडलो तो प्रसंग मला दोनदा सांगावा लागला, लोकांनी आग्रह केला. आयुष्यातलं माझं हे पहिलं सेफ्टी टॉक की ज्यात कोणी झोपलं नाही.

ऑगस्टमध्ये रायफल तपासून परत आली, धडधाकट. मग मी आणि डेस्मंड एक सकाळ काढून बसलो. लेपाच्या वीस गोळ्या एका दिवशी भरलेल्या, त्यांच्या आकड्यावर. बिनलेपाच्या वीस दुसऱ्या दिवशी, वेगळ्या डब्यात, जुन्या आकड्यावर. दोन वेगळी निशाणं लावली. मला बघायचं होतं की या सगळ्या उपद्व्यापाने माझा नेम किती सुधारला. मी चाळीसही गोळ्या सोडल्या, सावकाश, श्वास धरून. मग डेस्मंडने दुर्बिणीला डोळा लावला. एका निशाणावरून दुसऱ्यावर, परत पहिल्यावर.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"दोन्ही सेम आहेत साहेब."

"म्हणजे किती?"

त्याने दोन्ही हातांनी एक आकार दाखवला. आमच्या घरच्या जेवणाच्या ताटाएवढा होता.

"नळी मात्र लवकर साफ होईल," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाच्या चटईकडे गेला.